भागीबाईचा आवाज कुणाकडे

ऑफिसातलं कॉम्प्युटरचं काम बघणारा अमित नोकरी सोडून बंगळुरूला गेला आणि जाता जाता ड्राइव्हची सगळी मालकी सायली बच्छावच्या नावावर करून गेला. सायलीला हे कळलं ते सकाळचा चहा पिताना, मेल उघडल्यावर. 'आता तुम्ही मालक आहात,' असं त्यात लिहिलं होतं. कशाच्या, कुठपर्यंत, आणि मालकीणबाईंनी नेमकं करायचं काय, याबद्दल चकार शब्द नव्हता.

त्यांचं संशोधन केंद्र नाशिकच्या इंदिरानगरात, एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर होतं. काम पेठ आणि सुरगाण्याच्या डोंगरातल्या जुन्या सुईणींवर चाललेलं. बाळंतपणं कशी करायच्या, कुठला पाला उगाळून द्यायच्या, कळा देणाऱ्या बाईला धीर यावा म्हणून कोणती गाणी म्हणायच्या, हे सगळं त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवायचं. रेकॉर्डिंगं ड्राइव्हवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक कपाटात. ज्याला लागेल त्याने आपल्या घरून, आपल्या फोनवरून उघडायची. सायलीचं काम मुलाखती वाचून विषयवार लावण्याचं. तिला एक्सेल बऱ्यापैकी यायचं, आणि एवढ्या भांडवलावर ऑफिसात तिची कॉम्प्युटरमधली जाणकार म्हणून ख्याती होती.

शेखर देवरे सर प्रकल्पाचे प्रमुख. माणूस मायाळू, पण कायम घाईत. ते टेबलाशी आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "सायली, एथिक्स कमिटीचं पत्र आलंय. कुठलं रेकॉर्डिंग कोण उघडू शकतं, ते त्यांना कळवायचंय. ज्यांचा संबंध नाही त्यांना काढून टाक. एका दुपारचं काम आहे."

सायलीने ड्राइव्ह उघडला आणि दुपार कुठे गेली ते तिला कळलं नाही. सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांची नावं होती, ती तिने काढली. 'टीम' नावाचा एक गट होता. त्याच्या आत 'जुनी टीम' नावाचा दुसरा गट होता, आणि त्या दुसऱ्यात पुन्हा पहिलाच गट घातलेला होता. कुणी नुसतं वाचू शकत होतं, कुणी शेरे मारू शकत होतं, कुणी फाईल बदलू शकत होतं. वरच्या फोल्डरमधून एखाद्याला काढलं, तरी आतल्या फोल्डरमध्ये तो शांतपणे बसून असायचा. बाहेरच्या माणसाला काय दिसतं ते तपासावं म्हणून तिने स्वतःच्या खासगी मेलवरून एक फाईल उघडून पाहिली. ती धाडकन उघडली. सगळी रेकॉर्डिंगं जगाला खुली आहेत की काय! मग लक्षात आलं की अमितने कधीतरी तिचा खासगी मेलसुद्धा गटात घालून ठेवला होता. म्हणजे बाहेरचा माणूस म्हणून ती स्वतःच आत होती.

"हाई काय शे!" तिच्या तोंडून नामपूरची बोली निसटली. गोंधळ फारच झाला की ती माहेरच्या अहिराणीवर यायची.

तेवढ्यात संध्याचा फोन आला. संध्या सुरगाण्याची. रेकॉर्डिंगं ऐकून कोकणीतलं, म्हणजे तिथल्या कोकणा आदिवासींच्या बोलीतलं, बोलणं मराठीत लिहून द्यायचं काम ती घरून करायची.

"ताई, माझं फोल्डर गेलं!"

"कुठं गेलं?"

"मला काय माहीत? सकाळी होतं. आता म्हणतंय परवानगी मागा. माझ्याच लिखाणाला?"

सायलीने तिला घाईघाईने परत आत घेतलं. मग पाहते तर त्या एका बटणाने संध्याला संध्याचं फोल्डर तर मिळालंच, शिवाय सरांच्या प्रवासखर्चाचं आणि कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोंचंही मिळालं होतं. एक दार लावावं तर दुसरं उघडत होतं, आणि कुठलं दार कुठल्या खोलीचं, हे घर बांधणाऱ्याने कुठेच लिहून ठेवलेलं नव्हतं.

केरू भेटला तो याच घोळात.

भागीबाईची मुलाखत म्हणून एक फाईल होती. भागीबाई पेठ तालुक्यातली सुईण. वर्षभरापूर्वी वारली होती. तिच्या फाईलला सगळ्या गटांव्यतिरिक्त एक सुटं नाव चिकटलेलं होतं, केरू गावित. आणि त्याच्या पुढे लिहिलं होतं, 'संपादक'. म्हणजे या माणसाला ती फाईल नुसती ऐकता येत नव्हती, मनात आलं तर पुसूनही टाकता येत होती.

केरू गावित नावाचा कुणी माणूस प्रकल्पात कधीच नव्हता. सायलीने अमितला विचारलं. तो म्हणाला, "मी नाही दिला बुवा ॲक्सेस." मुलाखत घेणारा धनराज आता दुसऱ्या तालुक्यात ग्रामसेवक झाला होता. त्याचा फोन लागेना. ती सरांकडे गेली.

"आधी काढ, मग विचार," सर म्हणाले. "त्या बाईने आवाज संशोधनाला दिलाय, बाहेर द्यायचा नाही या अटीवर. आणि इथं कुणी संपादक होऊन बसलाय!"

सायलीने केरूला काढलं. सगळ्या गोंधळात ही एक गोष्ट तरी स्वच्छ झाली, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मेल आला. 'केरू गावित यांनी प्रवेशाची विनंती केली आहे.' खाली निरोप लिहायला जागा होती, ती रिकामी. तिने नकार दिला, तो तिच्याच नावाने गेला. थोड्या वेळाने पुन्हा तीच विनंती. या वेळी निरोप होता, 'ओपन होत नाय'. तिने पुन्हा नकार दिला. तिसरी विनंती दुपारच्या जेवणाच्या वेळी आली.

'सायली ताई आईचा आवाज हाय'

डबा उघडा ठेवून सायली त्या ओळीकडे बघत बसली.

संध्याकाळी धनराजनेच उलट फोन केला. त्याने काही लपवलं नाही. "मीच दिला होता, मॅडम. केरू भागीबाईचा मुलगा. मी दहाव्याला गेलो होतो. तो म्हणाला, आईनं तुझ्यापाशी गाणं म्हटलं होतं, ते ऐकायला मिळंल का? आता त्याला नाही कसं म्हणणार? त्याचा फोन घेतला, मेल उघडून दिला, फाईल जोडून दिली. वाचक, संपादक ते मला काय कळत नव्हतं. पहिलं दिसलं ते दाबलं."

"बरोबर केलंत," सायली म्हणाली. तिला खरंच हायसं वाटलं. मुलगाच आहे म्हटल्यावर प्रश्न मिटला. सरांना सांगायचं आणि त्याला वाचक म्हणून परत आत घ्यायचं.

पण धनराज फोन ठेवेना. "मॅडम, एक विचारू? ती फाईल तुम्ही शेवटपर्यंत ऐकलीय का?"

"नाही. का?"

"ऐका एकदा," तो म्हणाला. "मीसुद्धा नंतरच ऐकली. त्याला देऊन झाल्यावर."

सायलीने हेडफोन लावला. आधी कोंबड्यांचा आवाज, मग धनराजचा, मग भागीबाईचा. आवाज जाडाभरडा, पण गाणं सुरू झालं तसा मऊ झाला. कोकणीतले सगळे शब्द सायलीला समजले नाहीत. बाळाला बाहेर बोलावणारं गाणं असावं, कारण मध्येमध्ये 'ये, ये' येत होतं. मग पाल्यांची नावं आली, नाळ कापायची रीत आली. मग भागीबाई म्हणाली, "आता ते बंद कर."

"हो, केलं," धनराज म्हणाला.

पण ते बंद झालेलं नव्हतं. भागीबाई बोलत राहिली, हळू आवाजात आणि भराभर. सायलीला अर्धवटच कळलं. 'नांदगाव' कळलं, 'भट्टी' कळलं, 'केरू' कळलं. बाकीच्यासाठी तिने संध्याला फोन केला.

संध्याने आधी कुठली फाईल ते विचारून घेतलं. मग म्हणाली, "मी तो भाग लिहिलाच नाय, ताई. बाई बंद कर म्हणली, म्हणून मीपण तिथं थांबले. पण ऐकलं होतं. लिहिता लिहिता कान कुठं थांबतो?"

"काय म्हणतेय ती?"

संध्याने सांगितलं. लग्नाला बरीच वर्षं होऊनही भागीबाईला मूल नव्हतं. एका साली नवरा-बायको नांदगावच्या अंगाला वीटभट्टीवर कामाला गेले. तिथे एक एकटी बाई होती, दिवस भरत आलेली. तिला लंका म्हणायचे. कुठली, कुणाची, ते तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. तिला कळा लागल्या तशी भागीबाई धावली. मूल आडवं होतं. मूल हाती लागलं, बाई गेली. भट्टीवाल्याने दोन माणसं बोलावून तिला पुरून टाकलं. मूल भागीबाईच्या पदरात होतं, ते तसंच राहिलं. हंगाम संपल्यावर ती त्याला घेऊन गावी आली, ती आई होऊनच. तोच केरू.

"आणि शेवटी म्हणते," संध्या म्हणाली, "की हे केरूला सांगू नको. त्याला वाटंल, मला पोर पाहिजे होतं म्हणून मी तिला मरू दिलं."

सायलीने फोन ठेवला. भागीबाईने बंद कर म्हटलं होतं. म्हणजे पुढच्या बोलण्याला तिची संमती नव्हती. ते रेकॉर्डिंग व्हायलाच नको होतं. मग पुसून टाकावं का? पण केरूला जन्म देणाऱ्या बाईचं नाव जगात दुसरीकडे कुठे असेल? भट्टीवरच्या लोकांना आता ते आठवणार होतं का? पुसलं तर तेही गेलं. ठेवलं तर भागीबाईचा शब्द मोडला. आणि या सगळ्याच्या वरताण म्हणजे, केरूने ते आधीच ऐकलेलं असू शकत होतं. वर्षभर फाईल त्याच्या फोनवर होती. ऐकलं का, असं त्याला विचारावं, तर विचारण्यातच अर्धं सांगितल्यासारखं होत होतं.

शेखर सरांनी सगळं ऐकून घेतलं. पहिल्यांदाच ते उभ्याने न बोलता खुर्ची ओढून बसले.

"नियमाप्रमाणे..." त्यांनी सुरुवात केली आणि थांबले. "नियमाप्रमाणे मुलाखत देणाऱ्याने सांगितलं की ती काढून टाकायची. पण सांगणारी हयात नाही. मग वारस. वारस हाच. पण त्याच्यापासूनच तर लपवायचंय." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "थांब, मला यातलं काहीच कळत नाहीये."

"मलाही नाही, सर."

"मग तू त्याला भेटून तरी ये. मेलवर हे होणारं नाही."

केरू त्या दिवसांत दिंडोरीकडे एका द्राक्षबागेवर होता. काढणीचा हंगाम जोरात होता. धनराजने मुकादमाचा नंबर मिळवून दिला, आणि सायली बसने गेली. बागेच्या कडेला, क्रेट रचलेल्या मांडवात केरू तिला भेटायला आला. तिशीचा असेल. अंगाने बारीक, बोलायला संथ. हाताला द्राक्षाचा चिकटपणा लागलेला, म्हणून नमस्कार करताना त्याने हात अंगापासून दूर धरले.

"तुम्ही सायली ताई? मला वाटलं नव्हतं तुम्ही याल. माझं काय चुकलं का, ताई? बंद का झालं?"

"तुमचं काही नाही चुकलं. आमच्याकडे साफसफाई चालली होती. त्यात तुमचं नाव निघालं."

"मग लावा ना परत."

"लावते. त्यासाठीच आलेय." सायलीने बसमध्ये काय काय जुळवलं होतं, ते सगळं ती एका क्षणात विसरली. "तुम्ही ते रोज ऐकता का?"

"रोज कुठलं! इथं रेंज नाय. त्या टाकीवर चढलं की येती. मग गाणं ऐकायचं." तो जरा हसला. "तिकडं पुढं ती पाल्याचं सांगती ना, तिथवर गेलं की अडकतं. गोल गोल फिरत ऱ्हातं. परत पहिल्यापासून लावायचं."

सायलीने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तो खरं बोलतोय की तिला अवघडलेपणातून सोडवतोय, ते तिला समजेना. आणि मग तिला जे बोलायचं नव्हतं तेच ती बोलून गेली.

"केरूभाऊ, त्याच्या पुढेही रेकॉर्डिंग आहे. तुमच्या आईने 'आता बंद कर' म्हटलं होतं. पण धनराजच्या हातून ते बंद झालं नाही."

मांडवाबाहेर क्रेट उचलणाऱ्या बायांचं आपसात काहीतरी चाललं होतं आणि त्या मोठ्याने हसत होत्या.

"बंद कर म्हणली?"

"हो."

"मग नको." त्याने चिकट बोटं एकमेकांवर चोळली. मग विचारलं, "तुम्ही ऐकलंय?"

"ऐकलंय."

"वाईट हाय?"

"नाही," ती म्हणाली. "वाईट नाही. पण तिला सांगायचं नव्हतं."

"मग तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या," केरू म्हणाला, आणि मुकादमाने हाक मारली तसा उठून गेला. जाताना त्याने तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला द्राक्षांचा घड दिला. बसमध्ये तो मांडीवर धरून सायली नाशिकला आली. तिने केरूला ओझं दिलं होतं की त्याच्याकडून घेतलं होतं, याचा तिला शेवटपर्यंत उलगडा झाला नाही.

फाईलचे तिने दोन तुकडे केले. पहिला गाण्याचा आणि पाल्यांचा. तो केरूला दिला, आणि टाकीवर चढायला लागू नये म्हणून त्याच्या फोनमध्ये उतरवून घेता येईल असा दिला. दुसरा तुकडा वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून बाकी सगळ्यांची नावं काढली, सरांचंसुद्धा. सरांनी होकार दिला, पण कमिटीला काय कळवायचं यावर त्यांचं गाडं अडलं. हे कोण उघडू शकतं? सायली. का? याला उत्तर नव्हतं. त्यांनी 'विचाराधीन' असं लिहिलं, मग ते खोडलं, मग पुन्हा तेच लिहिलं.

उन्हाळा तापला. द्राक्षांचा हंगाम संपला. मजूर आपापल्या गावी राब भाजायला परतू लागले, कारण पावसाच्या आधी शेताचा तुकडा भाजून ठेवला नाही तर भाताचं रोप नीट येत नाही. अशाच एका सकाळी केरू इंदिरानगरच्या ऑफिसात आला. बरोबर बायको होती, आशा. दोघांच्या हातात पिशव्या. गावी निघालेले, वाट वाकडी करून आले होते.

"ते पुढचं ऐकायचं हाय," केरू म्हणाला. "हिला सांगितलं मी. ही म्हणाली, आता डोक्यातून जात नाय तर ऐकून मोकळा हो."

"मी नाय असं म्हणले," आशा म्हणाली. "मी म्हणले, ऐकायचं तर ऐक, नायतर पुसून टाकायला सांग. रोज रोज काय असंल, काय असंल म्हणत बसू नको."

सायलीने शेखर सरांकडे पाहिलं. सर उठून बाहेर गेले आणि जाताना त्यांनी दार लोटून घेतलं. सायलीही उठायला लागली तसा केरू म्हणाला, "तुम्ही बसा, ताई. अडकलं तर?"

तिने दुसरा तुकडा लावला. भागीबाईचा हळू, घाईचा आवाज खोलीत आला. केरू खुर्चीच्या कडेवर बसला होता. नांदगावचं नाव आलं, भट्टी आली, तरी तो हलला नाही. आशाने मात्र पदर तोंडाला लावला. मग शेवटचं वाक्य आलं. त्याला वाटंल, मला पोर पाहिजे होतं म्हणून मी तिला मरू दिलं. त्यानंतर धनराजचा खाकरल्यासारखा आवाज झाला आणि रेकॉर्डिंग संपलं.

सायली वाट बघत राहिली. तो रडेल, चिडेल, उठून जाईल, सगळ्याची तिने तयारी केली होती.

"मी तिच्या पोटचा नाय, हे मला ठाऊक होतं," केरू म्हणाला.

"ठाऊक होतं?"

"शाळेत असतानापासून. गावात सगळ्यांनाच ठाऊक हाय. कोण बोलत नाय एवढंच. मीपण नाय बोललो. तिला वाटायचं मला ठाऊक नाय, मग मी तसंच ऱ्हाऊ दिलं." तो आशाकडे वळला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदा काहीतरी हललं. "पण ती असं समजत होती? मी असं म्हणंल, असं?"

आशाने तोंडावरचा पदर काढला.

"एवढी वर्षं? मी कधी वाकडं बोललो का तिला?"

"नाय बोललास," आशा म्हणाली.

"मग?"

सायलीच्या मनात आलं, आपण इतके दिवस ज्याची राखण केली ते याला माहीतच होतं, आणि ज्याचा आपण विचारही केला नव्हता तेच याला लागलं. तिने ऐकवून चूक केली का? न ऐकवता ठेवलं असतं तर ती चूक झाली नसती का?

"ते नाव परत लावता, ताई?" केरूने विचारलं. "ते मला ठाऊक नव्हतं."

सायलीने मागे जाऊन तेवढंच लावलं. लंका. तिने पुन्हा लावलं. केरूने ओठ हलवून ते मनातल्या मनात म्हणून पाहिलं.

मग नवरा-बायकोचं कोकणीत सुरू झालं. आधी हळू, मग जरा वरच्या पट्टीत. सायलीला धागा लागेना. शेवटी आशाच तिच्याकडे वळून मराठीत म्हणाली, "मी म्हणते, आता पुसून टाका. म्हातारी बंद कर म्हणली होती. ह्यानं ऐकलं, झालं."

"पुसायचं नाय," केरू म्हणाला.

"मग कशाला ठेवायचं? आणखी कोणी ऐकायला?"

"कोणी नाय ऐकणार. माझ्यापाशी ऱ्हाईल."

"तुझ्यापाशी आणि ताईंपाशी. आणि तो धनराज, आणि ती लिहिणारी पोरगी. सगळ्यांनी ऐकून झालं की."

सायलीला वाटलं आपण काहीतरी सांगावं. तिने सांगायचा प्रयत्नही केला, की केरूला एकट्याला वाचक करता येईल, मालकी त्याच्या नावावर करता येईल, तो स्वतः हवं तेव्हा पुसू शकेल. बोलता बोलता तिलाच ऐकू आलं की हे वाक्य फारसं कशाला पुरत नाहीये. केरू ऐकून घेत होता, पण त्याचं लक्ष कुठेतरी दुसरीकडेच होतं.

"आत्ता नको," तो म्हणाला. "भाताची आवणी होऊ द्या. मग सांगतो."

"ठीक आहे," सायली म्हणाली. तिने त्याचा फोन घेतला, आणि त्याने सांगितलं तसं ते एकच नाव, लंका, वेगळं कापून त्याला पाठवलं. एवढासा तुकडा. लावला की लगेच संपणारा. त्याने एकदा लावून पाहिलं, आवाज बारीक केला आणि फोन खिशात ठेवला.

ती त्यांना खालच्या फाटकापर्यंत सोडायला गेली. ऊन चढलं होतं. आशाने पिशव्या दोन्ही हातांत वाटून घेतल्या आणि ती रिक्षा बघायला पुढे गेली. केरू मागे रेंगाळला.

"ताई, नांदगावला इथनं कसं जायचं?"

"मनमाडवरून. तिथून लांब नाही." मग तिला राहवलं नाही. "पण भट्टी कुठली ते तिने सांगितलं नाहीये. इतक्या वर्षांनी ती असेल की नाही, कोण जाणे."

"नाय, जायचं नाय," केरू म्हणाला. "नुसतं विचारलं."

रिक्षा थांबली होती. आशाने त्याला हाक मारली. रिक्षात बसताना त्याने आशाच्या हातातली एक पिशवी आपल्याकडे घेतली आणि रिक्षा निघून गेली.

सायली फाटकाला धरून थोडा वेळ तिथेच उभी राहिली. तो नांदगावला जाईल की नाही, हे तिला सांगता आलं नसतं. जावं की जाऊ नये, हेही.